अळी उपाशी, ढालकिडा तुपाशी?

मुलांनो, कपाशीच्या शेतात रोज दोन पंगती बसतात. पहिल्या पंगतीत मावा आणि बोंडअळी. मावा झाडाचा रस शोषतो, अळी बोंड पोखरते. दुसऱ्या पंगतीत या किडींनाच खाणारे: ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा, हिरवट जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी आणि कोळी. हे शेतकऱ्याचे मित्र. (कोळ्याला आठ पाय, म्हणजे तो कीटक नव्हे. पण मित्र खरा!)

आता पीकच अळीला मारू लागलं, तर दुसऱ्या पंगतीचं काय होईल?

आपल्या देशात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक या कपाशीत घातला आहे. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. ते पोटात गेलं, की बोंडअळीचं आतडं निकामी होतं आणि ती मरते. ढालकिड्याला मात्र ते बाधत नाही.

मग सगळ्याच मित्रांची चंगळ? छे! काही चिमुकल्या गांधीलमाश्या बोंडअळीच्या अंगातच अंडी घालतात. अळीच नाही, तर त्यांच्या पिल्लांनी वाढायचं कुठं? त्या कमी होतात. ढालकिडा खातो मावा, आणि मावा काही बीटीनं मरत नाही. त्यामुळे त्याचं ताट भरलेलंच!

शिवाय फवारे कमी होतात, हा मोठा फायदा. उत्तर चीनमध्ये शास्त्रज्ञांनी १९९० ते २०१० या काळात ३६ ठिकाणची मोजणी तपासली. बीटी कपाशीमुळे फवारे घटले, तसे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी वाढले आणि मावा घटला. शेजारच्या मका, भुईमूग, सोयाबीनलाही या मित्रांची मदत होऊ शकते, असं त्यांना दिसलं.

पण अळीही काही कच्ची नाही! प्रथिनाला पुरून उरलेल्या गुलाबी बोंडअळ्यांची प्रजा वाढत गेली. २०१७ साली विदर्भात त्यांनी कपाशीचं फार नुकसान केलं. अशा वेळी पुन्हा फवारे मारावे लागतात, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. शत्रूबरोबर मित्रही मरतात. म्हणून नुसत्या बियाण्यावर विसंबून चालत नाही, मित्रही जपावे लागतात. कपाशीच्या कडेनं चवळी, मका लावतात, ते यासाठीच. तिथं मित्रांना खाणं आणि आसरा मिळतो.

करून पाहा : मोठ्यांबरोबर शेतात जा आणि दहा झाडांवरचे ढालकिडे मोजा. त्याची अळी काळसर, केशरी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसते. कीड समजून तिला चिरडू नका हं! आणि नुकत्याच फवारलेल्या शेतात मुळीच जाऊ नका.