नगराचे भांडवल आणि पालिकेचा गल्ला

मुंबई महानगरपालिकेच्या मागील सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि नव्या २२७ सभासदांची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत अंदाजपत्रक करणारे व ते मंजूर करणारे हात एकाच प्रशासनाचे होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे घटनेचे २४३ यू हे कलम स्वच्छ शब्दांत सांगते. ते कसे गुंडाळून ठेवले गेले हा निराळा विषय आहे. तूर्त आम्हांस नव्या सभासदांशी हिशेबाविषयी बोलावयाचे आहे.

१ जुलै २०१७ पासून जकात गेली. नाक्यावरील खोळंब्यातून सुटका झाली म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस हर्ष झाला, तो गैर नव्हता. परंतु जकात ही पालिकेच्या हातची मोठी मिळकत होती. तिच्या जागी राज्य सरकारकडून भरपाई येते. तीत दरसाल शेकडा ८ ची वाढ कायद्याने बांधून दिली आहे खरी; तथापि घरचा कमावता कर्ता आता मनिऑर्डरची वाट पाहू लागला! पुढे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ झाली. सामान्य माणसास सवलत मिळाली याचे आम्हांस वाईट वाटत नाही. पण ती तूट कोठून भरावयाची, हा प्रश्न उरतोच.

तो भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे वाढीव चटई क्षेत्र देऊन घेतलेले अधिमूल्य. २०१८ पासून अमलात आलेल्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रुंद रस्त्यावरील व्यापारी इमारतीस निर्देशांक ५ पर्यंत चढविता येतो, आणि त्याची किंमत सरकार व पालिका वाटून घेतात. आता कोणत्याही दुकानदारास विचारा. माल विकून आलेला पैसा गल्ल्यात जातो. पण दुकानाचा माळा विकून आलेला पैसा तो विक्रीखाती जमा धरील काय? धरील तर दिवाळीस वही पुजण्याऐवजी दिवाळे पुजावे लागेल. चटई क्षेत्र हे नगराचे भांडवल आहे. ते एकदा विकले की त्या गल्लीतील पाणी, गटार व रस्ता यांवरील भार मात्र कायमचा.

शिवाय दर ठरविणे सर्वस्वी पालिकेच्या हाती नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्मे केले आणि बांधकामदारांची झुंबड उडाली. याहून वाईट गोष्ट अशी की, ज्या पक्षकाराच्या फीवर न्यायाधीशाची चूल पेटते, त्याच्या विरुद्ध निकाल तो कसा देणार? ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक (सन २०२५-२६) करणारी संस्था या फीची मिंधी व्हावी, हे लांच्छनास्पद होय.

इमारतीस परवानगी देणे हा आयुक्तांचा अधिकार आहे, हे आम्ही जाणतो. परंतु पैसा कोणत्या खाती पडावा व कशावर खर्चावा, हे पाहणे १८८८ च्या कायद्याने सभागृहाकडे आहे. म्हणून अधिमूल्याचे खाते वेगळे काढावे. त्यातील पै देखील पगार अगर किरकोळ खर्चाकडे वळू नये. आणि ज्या प्रभागातून रक्कम आली त्याच्या नळांवर व गटारांवर किती लागली, ते दरवर्षी छापून प्रसिद्ध करावे. ठेवींचा आकडा दाखवून कोणी समजूत घालू लागल्यास, त्यातील भविष्यनिर्वाह निधी आणि ठेकेदारांच्या अनामती वजा करून बाकी किती, असे सभासदांनी विचारावे. व्यापारी मंडळांनीही हाच प्रश्न अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी आपापल्या नगरसेवकास लेखी घालावा आणि उत्तर लेखीच मागावे.