कुत्रा कोणाचा ?

मुंबईच्या कोणत्याहि आळींत सायंकाळीं दहा माणसें जमलीं आणि त्यांत मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला, कीं पांच मिनिटांत त्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कुत्रे मारा, निदान धरून शहराबाहेर तरी न्या. दुसरा म्हणतो, मुक्या जीवावर हात टाकील तो माणूसच नव्हे. दोन्ही बाजूंनीं आवाज चढतात, जेवणाची वेळ होते, आणि मंडळी घरोघर जातात. कुत्रे मात्र जेथें होते तेथेंच राहतात. आमचें म्हणणें या दोन्ही तटांस रुचणार नाहीं, हें जाणूनच आम्ही तें मांडीत आहों. हा प्रश्न कुत्र्यांच्या क्रौर्याचा नाहीं, आणि माणसांच्या दयेचाहि नाहीं. तो जबाबदारीचा आहे. आणि ती टाळणारांत पहिला मान आम्हां सुशिक्षित मध्यम वर्गाचा आहे.

प्रथम 'मारा' म्हणणारांचा विचार करूं. त्यांचा उपाय नवा असता तर एकवार करून पाहा, असें आम्हीहि म्हटलें असतें. परंतु या शहरानें तो पिढ्यान् पिढ्या करून पाहिला आहे. कंपनी सरकारच्या मुंबईंत १८१३ पासूनच ठराविक दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा नियम होता. पुढें दर कुत्र्यामागें आठ आणे मिळूं लागले, तेव्हां शिपायांना मोकाट आणि पाळलेला हा भेद दिसेनासा झाला व ते लोकांच्या दारांतले कुत्रेहि ओढून नेऊं लागले. पारशी समाजाच्या अंत्यविधींत प्रेतास कुत्र्याचें दर्शन घडविण्याची 'सगदीद' नांवाची चाल आहे. त्या समाजाला हा प्रकार सहन होणें शक्यच नव्हतें. ६ जून १८३२ रोजीं किल्ल्यांत दंगा उसळला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं आणि फौजेची रसददेखील अडली. दंगा मोडला, परंतु मारण्याची पद्धति मोडली नाहीं. ती पुढें महानगरपालिकेनें चालविली, आणि १९९४ सालीं ती बंद झाली. आतां आमचा प्रश्न साधा आहे. एवढा काळ मारूनहि १९९४ सालीं मारण्याजोगे कुत्रे शिल्लक राहिलेच कसे ?

याचें उत्तर शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. कुत्री सुमारें दोन महिन्यांत विते, एका वेतांत चार-सहा पिलें देते, आणि वर्षांतून बहुधा दोनदां माजावर येते. ज्या आळींत उकिरडा भरलेला आहे तेथील दहा कुत्रे मारले, तर उरलेल्या दोघांच्या पिलांना खाणें अधिक मिळतें आणि पलीकडच्या आळींतले चार जण मोकळी जागा पाहून येतात. म्हणजे मारणाराचे हात रक्तानें भरतात आणि आळी पुन्हा कुत्र्यांनीं भरते. 'मारूं नका, पण कोंडा' असें म्हणणारे स्वतःला अधिक सभ्य समजतात. परंतु त्यांनीं हिशेब केलेला नाहीं. २०१४ च्या गणनेंत मुंबईंत सुमारें पंचाण्णव हजार मोकाट कुत्रे भरले होते. इतक्या जिवांना जन्मभर पोसावयाचें तर जागा कोठली, चाकर किती, आणि खर्च कोणाच्या करांतून, हें ते सांगत नाहींत. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व भोंवतालच्या भागांतील सर्व मोकाट कुत्रे निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला; अवघ्या अकरा दिवसांत मोठ्या पीठाला तो बदलावा लागला. निर्बीजीकरण व लस झालेला कुत्रा जेथून धरला तेथेंच सोडावा, पिसाळलेला किंवा अंगावर धावणारा मात्र सोडूं नये, असें ठरलें. पुढें नोव्हेंबरांत शाळा, इस्पितळें, स्थानकें अशा जागांपुरता निराळा हुकूम झाला, आणि तेथून नेलेले कुत्रे तेथें परत सोडूं नयेत असें न्यायालयानें सांगितलें. मुलांच्या शाळेच्या आवारांत कुत्र्यांच्या टोळ्या नसाव्यात, याबद्दल आमचाहि वाद नाहीं. परंतु एका आवारापुरता जो उपाय चालतो तो सबंध शहराला चालेलच, असें नाहीं.

आतां दयाळू पक्षाकडे वळूं. या पक्षाचें शास्त्र मोठें आहे. धर्मराजानें कुत्र्याला सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, नामदेवांनीं पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांव घेतली, दत्तगुरूंच्या पायांशीं चार श्वान बसतात, आणि आपल्या वैश्वदेवांत कुत्र्याचाहि घांस काढलेला आहे. हें सारें खरें. परंतु या कथांतला कुत्रा कोणाच्या तरी जबाबदारीचा होता, हें आम्ही सोयीनें विसरतों. नामदेवांनीं कोरडी पोळी पाहिली आणि ते तूप घेऊन धांवले. आम्ही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरींतून शिळी पोळी टाकतों आणि खिडकी लावून घेतों. धर्मराजानें कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारला. आमच्यांतले कित्येक नव्या ब्लॉकांत सामान हलवितांना कुत्र्याला जुन्या आळीच्या तोंडाशीं सोडून जातात. पुण्य आमच्या पदरीं, आणि कुत्र्याचा दांत दुसऱ्याच्या पोराच्या पायांत, अशी ही वांटणी आहे.

ही वांटणी कशी असते तें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. एका पावसाळ्यांत आमच्या आळीशीं भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलाला कुत्री चावली. आईनें जाणत्यांच्या सल्ल्यानें जखमेंत तिखट भरलें. जखम साबण लावून वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावयाची असते, हें तिला कोणी सांगितलेलें नव्हतें. ज्या इस्पितळांत ती गेली तेथें लस होती, पण जखमेंत टोचावयाचें सीरम नव्हतें. तिला शहराच्या दुसऱ्या टोंकाला धाडण्यांत आलें. पोर वांचलें, हें ईश्वराचें देणें. कारण या रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं कीं मग वैद्याच्या हातीं बहुधा कांहींच उरत नाहीं. पाश्चरनें पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ सालीं. तेव्हांपासून वेळेवर उपचार झाला तर हा मृत्यु टळतो, हें जगाला ठाऊक आहे. आणि ती कुत्री ? ती आमच्या आळींतल्या चार घरांच्या अन्नावर वाढली होती, त्याच उन्हाळ्यांत व्याली होती, आणि पिलांच्या जवळ कोणी गेलें कीं गुरगुरत होती. तिला शस्त्रक्रियेसाठीं व लसीसाठीं न्यावें असें चारांपैकीं एकाहि घराला सुचलें नाहीं. त्या चार घरांत आमचेंहि एक घर होतें.

म्हणून आम्ही म्हणतों, वाद कायद्याशीं नाहीं. १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्याखालीं २००१ सालीं कुत्र्यांविषयीं नियम झाले, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे आले. त्यांचा गाभा असा : कुत्रा धरावा, निर्बीज करावा, लस टोचावी, खुणेसाठीं कानाला कात्री लावावी आणि त्याच्याच जागीं सोडावा. यांत भावनेपेक्षां हिशेब अधिक आहे. लस टोचलेला व पिलें न देणारा कुत्रा आपली हद्द राखतो, आणि शेंकडा सत्तर कुत्र्यांना लस मिळाली कीं रोगाची सांखळी तुटते. शेजारच्या गोव्यानें हें करून दाखविलें आहे. तेथें २०१४ पासून गांवोगांव लस टोचण्याचें काम नेटानें चाललें. कांहीं वर्षांतच कुत्र्यांतला रोग सुमारें नऊ-दशांशांनीं उतरला, माणसांचे मृत्यु थांबले, आणि २०२१ सालीं तें राज्य रोगनियंत्रित म्हणून जाहीर झालें.

मग मुंबईंत अडतें कोठें ? एक तर 'यंदा अमुक हजार शस्त्रक्रिया झाल्या' एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. सबंध शहरांत विखरून केलेल्या दहा हजार शस्त्रक्रियांपेक्षां एका वॉर्डांत दहांपैकीं सात पुऱ्या झाल्या तर त्यांचें मोल अधिक. कारण उरलेल्या निम्म्या कुत्र्या एका वर्षांत सारी तूट भरून काढतात. दुसरें कारण उकिरड्याचें. ज्या शहराचा कचरा रात्रभर उघडा पडतो, तें शहर रोज कुत्र्यांना आमंत्रण धाडीत असतें. तिसरें कारण आम्ही स्वतः.

पाळलेल्या कुत्र्याची लस, त्याचें प्रजनन आणि त्याचा परवाना ही मालकाची जबाबदारी, असें २००१ च्या नियमांनींच सांगितलें होतें. परंतु बर्फाळ मुलखांतला केसाळ हस्की मुंबईच्या दमट उकाड्यांत हौसेनें आणणाऱ्या गृहस्थाला परवान्याविषयीं विचारा. तो म्हणेल, 'आमचा घरचा कुत्रा, त्याला परवाना कशाला?' हौस फिटली, मुलांची परीक्षा आली किंवा बदली झाली, कीं तोच घरचा कुत्रा रात्रींत रस्त्याचा होतो. कोणी म्हणेल, घरचे थोडे आणि रस्त्यावरचे फार. मग रोख घरच्यांवर कां? याचें कारण असें, कीं घरच्या कुत्र्याला पत्ता आहे. जेथें दार ठोठावून मालक सांपडतो तेथेंहि जें शहर नियम पाळीत नाहीं, तें बेवारशी कुत्र्यापुढें काय पाळणार ?

आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. प्रत्येक वॉर्डांत कुत्रे किती आणि त्यांपैकीं शेंकडा किती निर्बीज झाले, हें महानगरपालिकेनें दरवर्षीं जाहीर करावें. परवान्यावांचून कुत्रा पाळणाराला दंड व्हावा, आणि सोडून देणाराला त्याहून मोठा. जो रोज घांस घालतो त्यानें तो नेमलेल्या जागीं घालावा, आणि त्या कुत्र्याला धरण्याची गाडी येईल तेव्हां स्वतः हजर राहावें. कुत्रा त्याच्या हांकेला येतो, गाडीवाल्याच्या नाहीं. लस आणि सीरम हीं दोन्ही जवळच्या सरकारी इस्पितळांत रात्रींअपरात्रीं मिळावींत. यांतली एकहि गोष्ट अशक्य नाहीं. फक्त तिला भांडणाइतका रंग नाहीं.

आळींत पुन्हा तट पडतील तेव्हां दोन्ही बाजूंच्या गृहस्थांस कोणीतरी एवढेंच विचारावें : ज्या कुत्र्याबद्दल आपण इतके तावातावानें बोलतां, त्याच्या कानावर खूण आहे काय ? नसेल, तर उद्यां सकाळीं ती करून घेण्याचें काम आपल्यापैकीं कोणाचें ? आमच्या घरापुरतें उत्तर आम्ही दिलें आहे. भाजीवालीच्या मुलाला चावलेल्या कुत्रीचीं दोन पिलें आमच्या आळींत अजून आहेत; दोघांच्याहि कानाला खूण आहे. हें काम एक वर्ष आधीं झालें असतें, तर त्या मुलाच्या पायावर आज व्रण नसता.