कानाखालची गाठ आणि कलम 21

गालगुंड काही दिवसांत उतरते. कानाखालची न दुखणारी गाठ मात्र महिनोन्महिने टिकते. बांधवांनो, लाळग्रंथीची ही गाठ लेपाने किंवा डाग देऊन जात नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण सुईने तपासल्याशिवाय कळणार कसे? मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. चेहरा हलविणारी नस याच ग्रंथीतून जाते, म्हणून हात तज्ज्ञाचाच हवा. कर्करोग निघाल्यास अनेकदा किरणोपचारही लागतात. त्यासाठी रत्नागिरीच्या मजुराने परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, तर रोजी बुडते.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार कलम 21 च्या जगण्याच्या हक्कात धरला. तोच न्याय या गाठीलाही लावा! जिल्हा रुग्णालयात वेळेत तपासणी, महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया आणि प्रवासखर्च मिळालाच पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे.