नळाच्या पाण्याचा ताळेबंद

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे आळेफाट्याची बाजारपेठ उभी राहिली. कांद्याच्या व्यापाराबरोबर वस्ती वाढली, इमारती आल्या आणि इमारतींबरोबर कूपनलिका आल्या. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार धरणे याच जुन्नर तालुक्यात आहेत. पाचवे डिंभे शेजारच्या आंबेगावात. तरीही धरणांच्या या प्रदेशात कूपनलिकेवर अवलंबून असलेल्या घरांतील गृहिणीची तक्रार ठरलेली असते : नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे चढतात, डाळ लवकर शिजत नाही, चहावर तवंग येतो आणि साबणाला फेस धरत नाही.

याचे कारण भूगर्भात आहे. पावसाचे पाणी मुळात मृदू असते. धरणात साठलेल्या पाण्याचा खडकाशी संबंध थोडा येतो, म्हणून त्याचा मृदूपणा बराचसा टिकतो. जमिनीत मुरणारे पाणी मात्र मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि काळ्या पाषाणाच्या फटींतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. तेच जड पाणी. कालव्याला आवर्तन असताना विहिरीचे पाणी एका प्रकारचे, कडक उन्हाळ्यात कूपनलिकेचे दुसऱ्या प्रकारचे आणि टँकरचे तिसऱ्याच. त्यामुळे एकदा केलेली तपासणी वर्षभरासाठी ग्राह्य धरता येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 (2012) नुसार, एकूण कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. समजा, एखाद्या इमारतीच्या पाण्याचा कठीणपणा 400 आहे. मग छतावरील 1000 लिटरच्या टाकीत कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने 400 ग्रॅम कठीणपणा साठलेला असतो. त्याचा काही भाग गिझरच्या कॉइलवर बसतो आणि वीजबिलात दिसतो. हे नुकसान प्रामुख्याने पैशाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

खरी चिंता निराळी आहे. शेतीत टाकलेले नत्रयुक्त खत आणि शोषखड्ड्यांतील सांडपाणी झिरपून भूजलात नायट्रेट उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, त्याचा डागही पडत नाही. त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे आणि मानकात तिला कोणतीही सूट नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाचे दूध अशा पाण्यात कालवले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. जे दिसते त्यावर खर्च होतो आणि जे दिसत नाही ते हिशेबाबाहेर राहते, असा हा प्रकार आहे.

जैन कुटुंबांत पाणी गाळून आणि उकळून घेण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे. गाळण्याने गढूळपणा व सूक्ष्म जीव रोखले जातात, उकळण्याने रोगजंतू नष्ट होतात. उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो तात्पुरता कठीणपणा होय; पाणी निवू देऊन वरचे ओतून घेतले की तेवढा कमी होतो. परंतु कायमचा कठीणपणा उकळून जात नाही. नायट्रेटही जात नाही; उलट वाफ गेल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून बाळ असलेल्या घराने केवळ उकळलेल्या पाण्यावर निश्चिंत राहू नये.

यंत्रांचेही तसेच आहे. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. तो स्नानगृह व गिझरच्या वाहिनीला उत्तम. मात्र रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असलेल्या ज्येष्ठांसाठी स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळावा. आरओ क्षार आणि नायट्रेट दोन्ही कमी करतो, पण घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी वाहून जाते. पाण्यालाच अप्काय जीव मानणाऱ्या घराला हा व्यय टोचला पाहिजे. ते पाणी निदान फरशीसाठी व संडासासाठी वापरावे. विक्रेता दाखवतो ते टीडीएसचे यंत्र विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज सांगते, खातेनिहाय तपशील नाही. त्यात नायट्रेट वेगळे कळत नाही आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत.

या तालुक्याने दुसरा मार्ग पूर्वीच दाखवला आहे. नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी वाटेवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आजही आहेत आणि जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘पोढी’ म्हणजे टाके दान दिल्याच्या नोंदी आहेत. आजचा हिशेब सोपा आहे. 100 चौरस मीटर छतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 8,000 उरते. पिण्यास व स्वयंपाकास रोज 20 लिटर लागणाऱ्या कुटुंबाला पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी सुमारे 4,800 लिटर पुरतात. म्हणजे 5,000 लिटरची एक झाकलेली टाकी पुरेशी आहे. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, छत स्वच्छ राखावे, पाणी गाळून व उकळून घ्यावे. असे पाणी मृदू असते, डाळ त्यात लवकर शिजते आणि शेतातील नायट्रेटचा प्रश्नही उरत नाही.

तथापि आरंभ तपासणीपासूनच व्हावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करावी किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. नमुन्यासाठी बाटली कोणती व कशी घ्यावी, हे प्रयोगशाळेलाच विचारावे, कारण जंतूंच्या चाचणीस निर्जंतुक बाटली लागते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा कठीणपणा, नायट्रेट, टीडीएस व कोलिफॉर्म या चार बाबी पाहाव्यात. व्यापारी माणूस माल पारखल्याशिवाय पैसे मोजत नाही. पाण्याच्या यंत्रासाठीही हाच नियम असावा. सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पत्रकासोबत पाण्याचा अहवालही सभासदांपुढे ठेवला जावा, आणि ज्या घरी तान्हे बाळ आहे त्या घरी तो सभेची वाट न पाहता पोहोचवावा.