नकलेचा इतिहास

व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचे इंग्रजी लेखन वाचताना आमच्या पिढीच्या वऱ्हाडी वाचकाला एक विचित्र परकेपणा जाणवतो. त्या इतिहासात 1972 चे मॅग्नाव्हॉक्स ओडिसी असते, 1983 ची अमेरिकी बाजारातली पडझड असते, आणि मग 1985 साली निन्टेन्डो येऊन सर्वांना तारते. यात चूक काहीच नाही. फक्त त्यात आम्ही नाही.

ज्या 1983 साली अमरावतीत विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी 15 जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम विक्रीस आला. अमरावती-अकोल्याच्या घरांत तो नव्वदच्या दशकात पोहोचला, तो नक्कल होऊन. खोक्यावर कधी एक नाव, कधी दुसरेच. यंत्राला सगळे नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. पडद्यावरची यादी हजारोंची. उघडून पाहावे तर तेच थोडके खेळ निरनिराळ्या नावांनी. चित्र उमटले नाही की "अबे, फुंक मार न!" हा एकमेव तांत्रिक सल्ला. (गुण फुंकरीचा नव्हता, कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा होता, हे फार उशिरा कळले.)

या नकलेला चोरी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, आणि कायद्याने ते बव्हंशी योग्यही. पण नाम्कोचा 1985 चा 'बॅटल सिटी', म्हणजे आमचा 'टँक', अमेरिकेतल्या निन्टेन्डोवर कधी प्रसिद्धच झाला नाही. अमेरिकी पोराला जो खेळ दुकानात मिळाला नाही, तो अकोल्याच्या पोराला बोगस कॅसेटने दिला. त्यात 'कन्स्ट्रक्शन' नावाचा पर्याय होता: विटा, पाणी, झाडी मांडून आपला नकाशा आपण रचायचा. उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर बसून भावंडांनी असे किती नकाशे रचले असतील! जतन करण्याची सोय नव्हती. वीज गेली की नकाशा गेला. आली की पुन्हा पहिल्या विटेपासून आरंभ.

टूरिंग टॉकीजवर मराठीत आत्मीयतेने लिहिले गेले. या यंत्राच्या वाट्याला मात्र 'पोरे वाया गेली' एवढाच शेरा आला, ही आमची तक्रार आहे. फॅमिकॉमचे शिल्पकार मासायुकी उएमुरा 2021 मध्ये वारले, तेव्हा जगभर मृत्युलेख आले. त्यांच्या यंत्राच्या निनावी प्रती वऱ्हाडात ज्यांनी विकल्या, डाग देऊन दुरुस्त केल्या, कॅसेटी भाड्याने दिल्या, त्यांच्याशी अजून बोलता येईल. खोकी भंगारात गेली, माणसे आहेत.