रोजमेळात न आलेली नोंद

गारखेडा परिसरात सूतगिरणी चौकाच्या आसपास रात्री दुकाने वाढविली जातात, तेव्हा शंभर रुपयांचा फरकही व्यापाऱ्याला चैन पडू देत नाही. त्याच व्यापाऱ्याने घरी परतण्यापूर्वी किती मद्य घेतले, याची नोंद मात्र कोठेही नसते. मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक; म्हणून जैन घरात पिणे लपते आणि सोडण्याचा विचारही लपूनच राहतो.

मग पर्युषण येते. महाराजसाहेबांसमोर आजन्म त्याग स्वीकारावा, लगोलग उपवास धरावा, म्हणजे कोणाला काही न सांगता सारे सुटेल, असा बेत ठरतो. हेतू निर्मळ आहे. परंतु अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्यासाठी ही वाट धोक्याची आहे. मद्य एकाएकी थांबले की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे भ्रम होऊन प्रसंगी जिवावर बेतते. अशा शरीरात ब-१ जीवनसत्त्व बहुधा आधीच कमी असते, त्यात उपवास. घरच्यांना मात्र तो उपवासाचा अशक्तपणा वाटतो, कारण खरे कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून त्यागाआधी हिशेब हवा. आठवडाभर प्रत्येक घोट रोजमेळासारखा लिहावा. १८० मिलिलीटरच्या एका क्वार्टरमध्ये, मद्याचे प्रमाण ४२.८ टक्के धरल्यास, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ‘थोडीशीच’ हे माप कोणत्याही पेढीवर चालत नाही. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि तत्पूर्वी घरातील एका व्यक्तीला सांगावे. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. शहरात घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे रुग्णाच्या पत्नीचे दुःखही उपचाराचाच भाग मानले गेले.

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये केवळ आजच्या दिवसापुरते न पिण्याचे ठरवितात. श्रावकाला हे परके वाटू नये. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आजीवन तो यम आणि मर्यादित काळाचा तो नियम, असा भेद केलाच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पहिले दिवस पार पडले, की रोज सकाळी त्या दिवसापुरता नियम घेता येतो. एरवी कठीण असते ती दुकान वाढविण्याची वेळ. तेव्हा मुलाने किंवा भावाने गल्ल्यापाशी यावे, दोघांनी मिळून शटर ओढावे आणि नेहमीचा रस्ता टाळून घर गाठावे.