शंभर रायफलींचा हिशेब

जुन्या शस्त्राची हुबेहूब प्रतिकृती हाताने घडवीत बसणे हा हौशी माणसांचा रिकामपणाचा उद्योग होय, असा सर्वसाधारण समज आहे. महिनोन्महिने कानस चालवून अखेर हाती काय येते, तर एक कालबाह्य बंदूक! आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. फर्ग्युसन रायफलीचे उदाहरण मात्र त्याचा फेरविचार करावयास लावते.

पॅट्रिक फर्ग्युसन हा ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश कॅप्टन. त्या काळची चकमकीची बंदूक नळीच्या तोंडातून ठासावी लागे. फर्ग्युसनच्या रायफलीत घोड्याभोवतीची कमान एक फेरा फिरवली की नळीच्या मागील टोकाचा जाड स्क्रू खाली उतरे. वरच्या भोकातून गोळी व दारू घालून कमान उलट फिरवली की बंदूक सज्ज. सैनिकाला ती आडवे पडूनही भरता येई. जून १७७६ मध्ये वुलिच येथे भर पावसात त्याने मिनिटाला चार ते सहा बार काढून दाखविले. असे असूनही सैन्यासाठी अशा सुमारे शंभरच रायफली तयार झाल्या. सप्टेंबर १७७७ मध्ये अमेरिकेतील ब्रँडीवाइनच्या लढाईत फर्ग्युसन जायबंदी झाला, त्याची तुकडी मोडण्यात आली आणि रायफलीही मागे पडली.

वरिष्ठांच्या असूयेने एक थोर शोध मारला, अशी कथा सांगितली जाते. प्रतिकृती घडविणाऱ्या कारागिराला मात्र निराळे उत्तर मिळते. एकाच फेऱ्यात स्क्रू पुरेसा खाली यावा म्हणून त्यावर एक नव्हे, तर अनेक आटे शेजारी शेजारी कापावे लागतात. स्क्रू आणि त्याचे घर ही एकमेकांसाठीच घासून जुळवावी लागतात. एका रायफलीचा स्क्रू दुसरीत बसेलच, याची शाश्वती नाही. शिवाय त्या जागी लाकडी दस्ता इतका कोरला जातो की तो तेथेच दुबळा होतो.

त्याच १७७६ साली ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणीचे महत्त्व सांगितले. बर्मिंगहॅमच्या बंदूक व्यवसायात ही विभागणी होतीच: नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा. पण हा स्क्रू मोजक्या कुशल हातांवाचून होणारा नव्हता, आणि असे हात हुकूम सोडून वाढत नसतात. मागून भरावयाच्या चकमकीच्या रायफलीचे अदलाबदल करता येणारे भाग हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने यंत्रांच्या साहाय्याने तयार केले, ते १८२० च्या दशकात. मधली पन्नास वर्षे कल्पनेच्या अभावी गेली नाहीत. ती यंत्रे, मोजमापाची साधने आणि शिकलेले हात यांच्या अभावी गेली.

अर्थात प्रतिकृती प्रामाणिक असली पाहिजे. मूळ रायफलीची मापे न घेता केलेल्या प्रतिकृती थोड्याच बारांत काजळीने अडकत, आणि त्यावरून मूळ शस्त्रच सदोष ठरविले जाई. मूळ मापांबरहुकूम घडवून, आट्यांना मेण व चरबी लावलेल्या रायफली बराच वेळ चालतात, असे पुढे दिसून आले. कारागिराच्या हलगर्जीपणाचे खापर असे इतिहासावर फुटते.

आम्ही अध्यापक उत्पादनखर्चाच्या वक्ररेषा फळ्यावर काढतो आणि विद्यार्थी त्या निमूटपणे उतरवून घेतात. एखादा शोध लागला म्हणजे तो समाजाला लाभला, असे त्यांना वाटल्यास नवल नाही. तो लाभण्यासाठी किती हात तयार व्हावे लागतात, याचा हिशेब त्या रेषांत दिसत नाही. कानस हाती धरणाऱ्याला तो पहिल्याच आठवड्यात कळतो.